उन्हाळी उमेदवारी आणि एक रिकामी खुर्ची

आमच्या वकील संघाच्या अध्यक्षांना विविधता पहिल्यांदा भेटली ती मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात. तिथं कसलीशी परिषद होती. जेवण उत्तम होतं, असं त्यांनी परत आल्यावर तीनदा सांगितलं आणि चौथ्यांदा खिशातून एक गुळगुळीत माहितीपत्रक काढलं. मोठ्या शहरांतल्या मोठ्या वकिली कंपन्या म्हणे उन्हाळ्याच्या सुट्टीत कायद्याच्या पहिल्या वर्षाची मुलं उमेदवारीला घेतात. तीही कशी, तर ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या काळा कोट आलेला नाही अशी. कुणी डोंगरातली, कुणी कारागिराची, कुणी शेतकऱ्याची. “मग जळगावानं मागं का राहावं?” असं म्हणून त्यांनी ते पत्रक टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“मॅडम, तुम्ही महिला आहात. म्हणजे हा विषय तुमचाच.”

मी वीस वर्षं वाटणीचे दावे आणि पोटगीची प्रकरणं चालवते. भावाभावांत बांध कुठून गेला हे मला कळतं. विविधता हा माझा विषय कधीपासून झाला ते कळलं नाही, पण नाही म्हटलं असतं तर ते काम अशा माणसाकडे गेलं असतं, ज्यानं तीन मुलांना महिनाभर झेरॉक्सच्या रांगेत उभं केलं असतं. म्हणून हो म्हटलं. सुंठीवाचून खोकला गेला, अशा चेहऱ्यानं बाकीचे मोकळे झाले.

मग बैठक झाली. उपक्रमाचं नाव काय ठेवावं, पाहुणा कोण बोलवावा, फ्लेक्सवर कुणाचा फोटो किती मोठा असावा, यावर सखोल चर्चा झाली. जेवणावर त्याहून सखोल झाली. कुणीतरी भरीत सुचवलं. त्यावर मे महिन्यात भरताची चांगली वांगी मिळत नाहीत, तेव्हा वरण-बट्टीच करावी, असं एकमतानं ठरलं. मे महिन्यात वांगी नसतात हे त्या खोलीतल्या प्रत्येक वकिलाला माहीत होतं. मे महिन्यात कोर्टही नसतं, हे मात्र एकाच्याही लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. मुंबईच्या पत्रकात उन्हाळा लिहिला होता, म्हणून आम्हीही उन्हाळा लिहिला.

ते लक्षात आणून दिलं एका उमेदवारानं. धुळ्याच्या वसतिगृहात राहून कायदा शिकणारा, शिरपूरच्या पलीकडे सातपुड्यातल्या पाड्यावरचा मुलगा होता तो. निवड झाल्याचं कळवायला मी फोन केला, तेव्हा त्यानं आभार मानले आणि फार अदबीनं विचारलं, “मॅडम, मे महिन्यात कोर्टाला सुट्टी असते ना? मग आम्ही कुठं यायचं?”

मी अध्यक्षांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, “आता तारीख बदलता येणार नाही. फ्लेक्स छापून झालाय.”

तर अशा रीतीनं आमचा उपक्रम बंद कोर्टात सुरू झाला. उद्घाटन संघाच्या सभागृहात झालं. बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं, आणि आत प्रत्येक पाहुण्याला लोकरीची शाल पांघरली जात होती. शाल अंगावर ठेवून फोटो होईपर्यंत हलायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. पाहुणे निवृत्त न्यायाधीश होते. त्यांनी आयुष्यात अनेकांना शिक्षा दिल्या असतील, त्यातली एक त्या दिवशी त्यांना परत मिळाली.

उमेदवार तीन होते. पहिला हा सातपुड्यातला. तो पांढरा शर्ट आणि काळी पँट घालून, भांग पाडून आला, तेव्हा सचिवांचं तोंड उतरलं. “तुमचा पारंपरिक पोशाख आणायला सांगितलं होतं ना? फोटोत विविधता दिसायला पाहिजे.” मुलगा म्हणाला, “सर, तो आमच्याकडे लग्नात नाहीतर होळीला घालतात. इथं कुणाचं लग्न आहे?”

दुसरी होती धरणगावची मुलगी. तिच्या वडिलांचं बाजारात गाद्या भरायचं दुकान. आजोबा कापूस पिंजायचे, वडील मशीनवर पिंजतात. घरात उर्दू, गिऱ्हाइकाशी खानदेशी, कॉलेजात मराठी, अशा तिन्ही भाषा ती ओढणी सावरावी तितक्या सहज बदलायची. सचिवांनी तिला पहिल्या रांगेत मधोमध बसवलं, कारण फोटो मधूनच काढतात.

तिसरा अध्यक्षांचा पुतण्या. तो कोणत्या विविधतेत बसतो, असं मी विचारलं होतं. “ग्रामीण,” अध्यक्ष म्हणाले, “त्याच्या नावावर आसोद्याला केळी आहे.” केळी ग्रामीण होती यात वाद नव्हता. मुलगा मात्र जळगावातल्या तीनमजली घरातून थंड गाडीत आला होता, आणि त्या घराच्या तळमजल्यावर अध्यक्षांचं ऑफिस होतं.

आता नानांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे घडलं. नाना म्हणजे आमच्याकडचे फौजदारीचे सर्वांत मोठे वकील. खून, दरोडा, जे काही सेशन कोर्टात चालतं ते आधी नानांच्या ऑफिसातून जातं. त्यांच्या ऑफिसात ज्युनिअरसाठी मोजक्याच खुर्च्या आहेत. त्या खुर्चीवर चार वर्षं बसलेला माणूस पुढे सरकारी वकील होतो, निदान त्याला कुणी बाहेर ओट्यावर बसवत नाही. ज्याला असा सीनिअर मिळत नाही, तो कोर्टाच्या आवारात लिंबाखाली टेबल टाकून प्रतिज्ञापत्रं करतो आणि तिथंच म्हातारा होतो. सनद दोघांकडे एकच असते.

नाना त्या दिवशी खुशीत होते. माईक हातात आल्यावर ते म्हणाले, “माझ्या ऑफिसात एक खुर्ची रिकामी आहे. ज्या पोराच्या घरात कोणी वकील नाही, त्याच्यासाठी ती मी राखून ठेवतो. या तिघांतला एक जण माझ्याकडे येणार.” टाळ्या झाल्या. मी त्या मुलीकडे पाहिलं. ती टाळ्या वाजवत नव्हती. हात मांडीवर ठेवून ते वाक्य पाठ करत असावी तशी बसली होती.

दुसऱ्या दिवसापासून संघाचे सन्माननीय सदस्य कुणी महाबळेश्वरला, कुणी मनालीला गेले. पुतण्याही मनालीला गेला. जाण्यापूर्वी त्यानं माझ्या ऑफिसात टेबलापाशी उभं राहून हातात कायद्याचं जाड पुस्तक धरून फोटो काढून घेतला. ते पुस्तक आयकराचं होतं. उरले आम्ही तिघं आणि माझा कूलर.

माझं ऑफिस एका भांड्यांच्या दुकानावर आहे. दुपारी पत्रा तापला की खालून भांड्यांचा आणि वरून पत्र्याचा आवाज येतो. वीज गेली की कूलरही जातो, मग आम्ही दारात येऊन बसायचो. सुट्टीतलं कोर्ट तातडीच्या कामापुरतं अधूनमधून बसे. तेवढं आम्ही मागच्या बाकावरून पाहून यायचो. बाकी वेळ काय करायचं? मी निकाल लागलेल्या जुन्या दाव्यांतल्या साक्षी काढल्या. एकानं साक्षीदार व्हायचं, एकानं वकील व्हायचं आणि उलटतपासणी घ्यायची.

मुलगा साक्षीदार म्हणून लाजवाब होता. काहीही विचारा, तो शांतपणे म्हणायचा, “आठवत नाही.” मुलगी चिडायची, तिचा आवाज चढायचा. तेव्हा मी तिला एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली. “आवाज कशाला चढवतेस? त्यानं आधी काय म्हटलंय ते नीट धर. त्याचंच वाक्य त्याच्या हातात परत दे. मग गप्प बस. आणि हसू नको. जिंकलेलं तोंडावर दिसलं की समोरचा सावध होतो.” हसू नको, हेच तिला सगळ्यात जड जायचं. नेम बरोबर लागला की तिच्या गालांवर ते लगेच दिसायचं. मी टेबलावर पेन आपटायचे.

पत्रकात एक अभ्यासभेटही होती. म्हणून मी दोघांना एस.टी.नं धुळ्याला नेलं. एरंडोल, पारोळा करत पोहोचलो, तर तिथल्या कोर्टालाही अर्थातच सुट्टी. जळगावात बंद असलेलं कोर्ट धुळ्यात उघडं असेल असं मला का वाटलं, ते त्या उन्हालाच माहीत. फाटकावरच्या रखवालदारानं मला नीट न्याहाळलं. “सुट्टी शे, मॅडम. तुम्ही वकील शेतस ना? तुम्हले माहित नही?” मुलानं तोंड फिरवून घेतलं. तो हसत होता.

आम्ही फाटकासमोर उसाचा रस प्यायला बसलो. तिथं मुलानं सांगून टाकलं की त्याला नानांची खुर्ची नको. त्याला धुळ्यातच राहायचं होतं, पाड्यावरून येणाऱ्या माणसाला जवळ पडेल असं. “जळगावला कोण येणार आमचं? दोन बस बदलाव्या लागतात.” मग तो मुलीकडे बघून म्हणाला, “ती खुर्ची हिचीच.”

तिनं रसाचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाली, “मॅडम, अब्बांनी टेबल बघून ठेवलंय.”

तहसील कचेरीबाहेर प्रतिज्ञापत्रं टाइप करणारे एक म्हातारे गृहस्थ टेबल सोडणार होते. ओळखीचे होते. वडिलांनी त्यांना जूनपर्यंत थांबायला सांगितलं होतं. नानांकडे जागा मिळाली तर मुलगी कायदा पुरा करेल, नाही मिळाली तर टेबल घेईल. “अब्बा वाईट नाहीत,” ती घाईनं म्हणाली, “त्यांचं म्हणणं एवढंच की आपल्यात कुणी वकील नाही, हात धरून वर ओढायला कुणी नाही. पाच वर्षं शिकून शेवटी त्याच टेबलावर बसायचं असेल, तर आत्ताच बसलेलं काय वाईट?”

मला राग आला, पण अब्बांवर काढता येईना. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. मीच माझ्या तरुणपणी किती जणींना त्या लिंबाखाली बसताना पाहिलंय.

समारोप कोर्ट उघडायच्या आदल्या शनिवारी होता. सदस्य गार हवेतून ताजेतवाने होऊन परतले होते. सभागृहात पुन्हा शाली, पुन्हा श्रीफळं, पुन्हा ते निवृत्त न्यायाधीश, ज्यांनी या वेळी स्वतःचा छोटा पंखा आणला होता. मुलीचे वडील शेवटच्या रांगेत कूलरपाशी बसले होते. पांढरा कुर्ता, दाढी नीट केलेली, आणि मांडीवर धुतलेल्या चादरीत बांधलेलं काहीतरी. मी जवळ गेले तर त्यांनी गाठ सैल करून दाखवलं. खुर्चीवर ठेवायची छोटी गादी होती. निळं कापड, कडेनं बारीक टाके.

“दिनभर बठनं पडस, ताई,” ते म्हणाले, “वकिलनी खुर्ची कडक राहस.”

तेवढ्यात अध्यक्षांनी मला बाजूला बोलावलं आणि आनंदाची बातमी सांगितली. नानांनी पुतण्याला घ्यायचं ठरवलं होतं. “आणि मुलीलाही आम्ही विसरलो नाही हं, मॅडम. आभारप्रदर्शन तिच्याकडे दिलंय. तिलाही संधी मिळाली पाहिजे ना.”

माझ्या डोक्याची शीर तडकली. मी सरळ नानांकडे गेले. नाना शालीखाली घाम पुसत होते. “पोरगी हुशार आहे ग,” ते म्हणाले, “पण फौजदारीचं काम, पोलीस ठाणी, कसले कसले लोक. धरणगावहून रोज ये-जा. आणि अध्यक्षांचा शब्द मोडवत नाही, तुला माहितेय.” मी म्हटलं, “मग पोराला ठेवा. पण पहिल्या दिवशीचं भाषण परत घ्या.” ते हसले. भाषण परत घेता येतं, हे त्यांना विनोदी वाटलं असावं. खुनाच्या खटल्यात साक्षीदारानं एक शब्द फिरवला तर त्याचा घाम काढणारा माणूस तो.

मी मुलीला पायरीवर गाठलं आणि जे होतं ते सांगून टाकलं. गोड बोलून सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. तिनं मागं वळून वडिलांकडे पाहिलं. ते चादरीची गाठ परत बांधत होते. मग तिनं ओढणी नीट केली आणि विचारलं, “मॅडम, आभाराला किती वेळ देतात?”

“चहा गार होईपर्यंत.”

नानांनी खुर्चीची घोषणा केली. पुतण्यानं नानांच्या पाया पडून फोटो काढला. आभारप्रदर्शन सुरू झालं की आमच्याकडे अर्धी सभा उठते. तशी ती उठू लागली. मुलीनं आधी पाहुण्यांचे आभार मानले, मग संघाचे, मंडपवाल्याचे, माईकवाल्याचे. बट्टी करणाऱ्या बायकांचेही मानले. ते आजवर कुणी मानलेले मी ऐकले नव्हते. मग ती म्हणाली,

“नानांचे विशेष आभार. पहिल्या दिवशी याच जागेवरून त्यांनी सांगितलं होतं, ज्या पोराच्या घरात कोणी वकील नाही, त्याच्यासाठी खुर्ची राखून ठेवतो. आज ती खुर्ची अध्यक्षसाहेबांच्या पुतण्याला मिळाली. म्हणजे अध्यक्षसाहेबांच्या घरात कोणी वकील नाही. आम्ही महिनाभर इथं होतो, पण ही गोष्ट आम्हाला माहीत नव्हती. नानांनी ती आज भर सभेत सांगितली, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.”

आणि ती गप्प बसली. जराही हसली नाही. मी तिच्या गालांकडेच पाहत होते.

उठलेले लोक उभ्याउभ्या थांबले. न्यायाधीशांनी पंखा बंद केला. मग मागून एका म्हाताऱ्या वकिलाचं खो-खो हसू फुटलं, आणि ते रांगेरांगेनं पुढे आलं. शेवटी अध्यक्षही हसले. न हसणं आणखी महाग पडलं असतं. नाना शालीच्या काठाकडे पाहत होते. मुलीनं माईक तोंडाशी नेला आणि सांगितलं, “चहाची व्यवस्था बाहेर केली आहे.”

चमत्कार वगैरे काही झाला नाही. आमच्याकडे ठराव होतात, चमत्कार होत नाहीत. खुर्ची पुतण्याकडेच राहिली. अध्यक्षांनी मला गाठून विचारलं, “मॅडम, हे तुम्ही शिकवलंत?” मी म्हटलं, “हो. उपक्रमाचा हेतूच तो होता ना?” पुढच्या वर्षी उपक्रमाची जबाबदारी दुसऱ्या कुणाकडे द्यावी, असं त्यानंतर लगेच ठरलं. महिना मात्र मेच ठेवलाय, कारण फ्लेक्सवर फक्त वर्ष बदलावं लागेल.

मी शेवटच्या रांगेकडे गेले. खोटं कशाला सांगू, मला त्या वडिलांसमोर उभं राहायची लाज वाटत होती. मुलगी आधीच त्यांच्याजवळ येऊन उभी होती आणि आता मात्र तिचे डोळे भरले होते. वडील फोनवर बोलत होते.

“हां, चाचा. टेबलनं सांगाले फोन करेल शे.” मुलीनं मान खाली घातली. “तो टेबल तुम्ही दुसराले दी टाका. आम्हनी पोर येत नही.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. “नही, नही. खुर्ची बी नही भेटनी.”

त्यांनी फोन खिशात ठेवला. मी काहीतरी बोलू लागले, पुढच्या महिन्यात बघू, माझ्याकडे जागा लहान आहे पण, असलं काहीतरी. त्यांनी मला थांबवलं.

“ताई, वकील कोर्टमा उभा राहीसन बोलस ना?”

“हो.”

“मंग खुर्ची कसाले जोयजे? मी आते देखं. स्टेजवरना मोठा मोठा लोक बठेल व्हतात, आनि ती उभी व्हती.”

मग त्यांनी चादर सोडली, गादी काढून माझ्या हातात दिली आणि चादर घडी करून खांद्यावर टाकली. “हाई तुम्हले ठेवा,” ते म्हणाले, “ज्या बठतस, त्यासले लागस.”

ते टोचून बोलले नव्हते. चांगल्या मनानं दिली होती.

मुलगी आता कॉलेज सुटलं की माझ्याकडे येते. खून-दरोडे नाहीत, भावाभावांच्या वाटण्या आहेत, पण भांडण तेवढंच कडक असतं. ती गादी माझ्या खुर्चीवर आहे. मऊ आहे, कापूस धरणगावचाच आहे. तिच्यावर मला फार वेळ बसवत नाही.